काळी माती, मुरूम आणि रेती : तंबूच्या खुंटीचा आराखडा

वाऱ्याने तंबू उखडला की खुंटी कच्ची होती, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पण ती उखडलेली खुंटी हातात घेऊन नीट पाहिली, तर बहुतेक वेळा ती सरळ आणि शाबूत असते. हार मानलेली असते ती मातीने. हे एकदा ध्यानात आले की खुंटीकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. खुंटी किती मजबूत आहे यापेक्षा ती आपल्यापुढची किती माती कामाला लावते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो आणि त्याचे उत्तर प्रत्येक जमिनीत वेगळे येते. गेली काही वर्षे मी शिबिरांसाठी लागणाऱ्या खुंट्या हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा कारखान्यातून स्वतःच्या आराखड्याप्रमाणे घडवून घेत आहे. त्या कामातून जे हाती लागले, ते येथे मांडतो.

नागपूरकरांपुढे हा प्रश्न अधिक ठळकपणे उभा राहतो, कारण आपले शहर दख्खनच्या बेसाल्ट पठाराच्या पूर्व काठावर वसले आहे. सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स याच बेसाल्टच्या आहेत. पश्चिमेला काटोल, कळमेश्वरकडे निघाले की त्या खडकापासून बनलेली काळी कापसाची जमीन लागते आणि चढावर तिचा थर पातळ होत जाऊन खालचा मुरूम उघडा पडतो. उलट कामठीकडे वालुकाश्म, रामटेक आणि मनसरच्या बाजूला रूपांतरित खडक, तर कन्हानच्या पात्रात नुसती रेती. जुन्या महसुली वर्गवारीत काळी, मोरांड (मध्यम काळसर), खरडी (हलकी, उथळ), बरडी (खडकाळ) अशी जमिनीची नावे होती आणि ती पिकांसाठी केलेली असली तरी खुंटी ठोकणाऱ्यालाही ती तितकीच उपयोगी पडतात. सकाळी शहरातून निघून दुपारी जेथे मुक्काम करायचा, तेथील जमीन घरामागच्या मैदानासारखी असेल, असे आपल्याकडे गृहीत धरताच येत नाही.

खुंटीवर ओढ किती येते, हे आधी पाहू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागातील सूत्रानुसार सेकंदाला मीटरमध्ये मोजलेल्या वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यासाठी हा आकडा सुमारे १६७ न्यूटन, म्हणजे १७ किलोच्या आसपास येतो. तंबूची वाऱ्याकडची बाजू दोन चौरस मीटरची धरली तर एकूण ओढ ३४ किलोची होते आणि ती त्या बाजूच्या तीन खुंट्यांनी वाटून घेतली तरी प्रत्येकीच्या वाट्याला ११ किलोहून अधिक भार येतो. दोरी तिरकी असल्याने तिच्यातला ताण याहून जास्तच असतो आणि झोताच्या झटक्याचा हिशेब तर यात धरलेलाच नाही. त्याच मानकात नागपूरच्या इमारतींसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. तंबूने त्याच्याशी झुंजावे अशी अपेक्षा नाही. परंतु एप्रिल-मे महिन्यांत अवकाळी वादळ सुटते, तेव्हा ताशी ६० किलोमीटर हा आकडा मुळीच मोठा वाटत नाही.

आता माती काय देते ते पाहू. जमिनीत गाडलेल्या लहान, ताठ खांबाला आडव्या बळाने ओढले तर तो किती तग धरेल, याचे गणित स्वीडिश अभियंता बेंग्ट ब्रोम्स यांनी १९६४ मध्ये मांडले. ते इमारतींच्या पायाखालच्या खांबांसाठी होते, पण खुंटी म्हणजे एक लहान खांबच असल्याने अंदाजापुरते ते येथेही चालते. त्या गणिताप्रमाणे कोरड्या रेतीत २ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल खुंटी जमिनीलगत ओढली तर ती जेमतेम साडेचार किलोला सुटते. रुंदी अडीच पट केली तर धारणशक्तीही अडीच पट होते. खोली दुप्पट केली तर ती चौपट होते. म्हणून मी आराखड्यात सर्वप्रथम लांबी ठरवतो आणि बाकी सर्व गोष्टी त्यानंतर.

याच गणितातून निघणारी आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ३० सेंटिमीटरच्या खुंटीचा शेवटचा ५ सेंटिमीटर भाग जमिनीच्या वर राहिला आणि दोरी तिच्या डोक्याला बांधली, तर खोली तर घटतेच, शिवाय वर राहिलेला भाग तरफेसारखा काम करतो, आणि दोन्ही मिळून रेतीतली धारणशक्ती सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होते. पुष्कळ जण खुंटी काढायला सोपी जावी म्हणून डोके वर ठेवतात. माझ्या खुंट्यांना त्यासाठी डोक्याशी वेगळे भोक असते, ज्यात दुसरी खुंटी आडवी घालून ती पिळून उपसता येते. त्यामुळे डोके जमिनीला टेकेपर्यंत ठोकण्यात कोणतीही अडचण राहत नाही. तिरपेपणाबद्दलही असेच एक गृहीत रूढ आहे. तंबूपासून बाहेरच्या बाजूला ४५ अंश कलती खुंटी हवी, असे सांगितले जाते आणि त्यामुळे दोरीची ओढ खुंटीशी काटकोनात येते, हे खरेच आहे. मात्र त्या कोनात ३० सेंटिमीटरची खुंटी केवळ २१ सेंटिमीटर खोल जाते, तर १५ अंशांच्या कलात ती २९ सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. खोलीचे मोल पाहता मी १५ ते २० अंशांपलीकडे जात नाही आणि दोरी लांब सोडून तिचाच कोन उतरता करतो.

काळ्या मातीने मला सर्वांत जास्त शिकवले. तिच्यातील माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे ही एकच जमीन वर्षभरात तीन निरनिराळ्या जमिनींसारखी वागते. पावसाळ्यानंतर, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, खाली ओल आणि वर घट्टपणा असतो; तेव्हा तिच्याइतकी पकड दुसरी कोणतीही जमीन देत नाही. उन्हाळ्यात ती दगडासारखी कडक होते आणि तिला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. भेगेच्या काठाशी ठोकलेल्या खुंटीपुढे आधार द्यायला मातीच उरत नाही, म्हणून दोन भेगांमधल्या ढेकळाचा मध्य शोधावा लागतो आणि आधी सब्बलीने वीतभर छिद्र पाडून घ्यावे लागते. आपल्याकडचे बिछायतवाले मांडव घालताना नेमके हेच करतात. त्यांच्या कामाकडे मी नेहमीच लक्ष देऊन पाहत आलो आहे. पावसाळ्यात तीच माती लोण्यासारखी मऊ होते आणि बारीक सळईची खुंटी तिच्यातून कापत पुढे सरकते.

काटोलजवळच्या एका शेतात, धन्याच्या परवानगीने, मी सामान तोलण्याचा ताणकाटा दोरीला अडकवून खुंटी हळूहळू ओढत नेतो आणि जमिनीकडे बघत राहतो. ओल्या काळ्या मातीत सर्वांत आधी खुंटीच्या मागे नखाएवढी फट दिसते. ओढ वाढली की खुंटीपुढची माती किंचित उचलली जाते आणि तिच्याभोवती चंद्रकोरीच्या आकाराची भेग उमटते. ही कोर जितकी रुंद, तितकी अधिक माती कामाला लागलेली असते. गोल सळईपुढे ती अगदी चिंचोळी उमटते. काट्यावरचा आकडा या टप्प्यावर वाढायचा थांबतो आणि खुंटी कलू लागते. वाऱ्यात हीच क्रिया पुन्हा पुन्हा घडते: प्रत्येक झोताबरोबर मागची फट रुंदावते, तिच्यात पाणी शिरते आणि पुढचा झोत आधीच सैल झालेल्या खुंटीवर येतो.

या निरीक्षणावरून काळ्या मातीसाठी मी लोखंडी अँगल, म्हणजे काटकोनात वळलेली एल आकाराची पट्टी, निवडला. २५ बाय २५ बाय ३ मिलिमीटरच्या अँगलचा ४५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा वजनाला अर्धा किलो भरतो, तर १२ मिलिमीटर सळईचा तेवढाच तुकडा सुमारे ४०० ग्रॅमचा असतो. वजनातला फरक केवळ शंभर ग्रॅमचा आहे. पण अँगलची उघडी बाजू तंबूकडे ठेवली की मातीसमोर ३५ मिलिमीटरची रुंदी उभी राहते, म्हणजे सळईच्या जवळजवळ तिप्पट. बाजारात मिळणाऱ्या तीन पाकळ्यांच्या, वाय आकाराच्या खुंट्यांमागेही हेच तत्त्व आहे आणि त्यांचा विशेष असा की कोणत्याही दिशेने ओढल्या तरी एखादी पाकळी मातीला अडवतेच. तरीही काळ्या जमिनीसाठी मला अँगलच अधिक भरवशाचा वाटतो, कारण तो कोणत्याही फॅब्रिकेटरकडे मिळतो, ठोकून वाकला तर तेथेच सरळ करता येतो आणि खर्चही कमी येतो.

मुरमात मात्र हा सगळा विचार उलटा करावा लागतो. तेथे माती भरपूर पकड देते, अडचण असते ती आत शिरण्याची. रुंद खुंटी दोन खड्यांच्या मध्ये अडकते, तिची कड दुमडते आणि जोराने ठोकत राहिल्यास खड्यांची एकमेकांतली गुंफण मोडून भोवतालचा मुरूमच मोकळा होतो. म्हणून येथे ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाची १२ मिलिमीटरची गुळगुळीत सळई, ३० सेंटिमीटर लांब, उत्तम ठरते. सळईचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे ८ ऐवजी १२ मिलिमीटर घेतले तर वजन सव्वादोन पट होते, पण ताठपणा पाच पट मिळतो. टोक लांब आणि निमुळते नको, कारण दगडावर आपटले की ते वळते. साधारण ६० अंशांचा आखूड शंकू पुरतो. बांधकामावरची, अंगावर कंगोरे असलेली सळई कापून खुंट्या करण्याची पद्धत सर्रास दिसते, परंतु ते कंगोरे आत जाताना मुरूम सैल करतात, दोरी घासतात, आणि आडव्या ओढीला त्यांचा विशेष उपयोगही होत नाही. खुंटी दगडाला लागली तर ती काढून चार बोटे सरकवावी, हे सर्वांत उत्तम.

ॲल्युमिनियमबद्दल मला हमखास विचारणा होते. त्याचे वजन लोखंडाच्या तृतीयांश असते आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्याला तो फार मोठा दिलासा आहे. मात्र त्याचा ताठपणाही तृतीयांशच असतो. काळ्या मातीत रुंद आकाराने ही उणीव भरून काढता येते, मुरमात येत नाही.

रेतीत ठोकण्याच्या खुंटीचा नाद मी सोडून दिला आहे. साडेचार किलोचा तो आकडा पाहिल्यावर व्यवहार्य लांबीची खुंटी अवकाळी वाऱ्याच्या झटक्यांना भरवशाने पुरेल, असे मला वाटत नाही. शिवाय कन्हानच्या काठावर सकाळी ओलसर रेतीने खुंटी छान धरलेली वाटते, कारण कणांमधले थोडे पाणी त्यांना एकमेकांकडे खेचून ठेवते. दुपारी ते उडून गेले की तीच खुंटी बोटाने हलते. तेथे पुरून ठेवायचा भार हवा. पंधरा-वीस लिटर मावेल असे खताचे रिकामे पोते रेतीने भरावे, मध्यभागी दोरी आवळावी आणि दीड-दोन फूट खोल चरात ते दोरीला आडवे पुरावे. लिटरभर कोरडी रेती दीड किलोच्या आसपास भरते, म्हणजे पोत्याचे स्वतःचे वजनच २२ ते ३० किलो झाले आणि त्याच्या पुढची व वरची रेती वेगळी. दोरी ज्या दिशेने बाहेर येते तेथे चराची कड तिरपी खणावी, नाहीतर ताण आला की दोरी पोत्याला वर उचलते. तंबू मात्र पात्रात नव्हे, उंच काठावरच असावा. वरच्या अंगाला धरणे आहेत आणि पाणी केव्हा सोडले जाईल याचा भरवसा धरता येत नाही.

एवढे करूनही एक अवस्था उरते, ती मृगाच्या पहिल्या सरींनंतरची. तेव्हा काळ्या जमिनीचा वरचा चार-पाच बोटांचा थर चिखल झालेला असतो आणि खालची माती अजून उन्हाळ्यातलीच, कडक व भेगाळलेली. अँगल खाली शिरत नाही आणि सळई वर धरत नाही. त्यासाठी सध्या मी एक जोडखुंटी घडवून घेत आहे: खालचे ३० सेंटिमीटर ईएन-८ ची सळई आणि वरच्या १५ सेंटिमीटरला दोन्ही बाजूंनी वेल्डिंग केलेली पत्ती, जेणेकरून मऊ थरात एकूण रुंदी ५ सेंटिमीटर मिळावी. पत्तीची खालची कड तिरपी कापल्यापासून ती माती न फाडता आत सरकते. आता जपायचे आहे ते पत्ती जेथे संपते त्या ठिकाणाला, कारण वाकण्याचा सगळा ताण नेमका तेथेच एकवटतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तेथील पोलाद ठिसूळही होते. म्हणून पुढच्या खेपेला वेल्डिंगचा टाका पत्तीच्या टोकापासून दोन बोटे वरच थांबवायला आणि काम झाल्यावर सळई राखेत पुरून सावकाश थंड करायला सांगितले आहे.