रिडायरेक्ट नेमका पाठवला कोणी? आयरूल तपासतानाचा माझा अनुभव

तक्रार एका ओळीची होती: पान उघडत नाही, ब्राउझर म्हणतो फार वेळा रिडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्याकडे पाठवणं) झालं. एफफाइव्ह बिग-आयपी या लोड बॅलन्सरवरचा (विनंत्या मागच्या सर्व्हरमध्ये वाटणारं उपकरण) व्हर्च्युअल सर्व्हर, म्हणजे ग्राहकाला दिसणारा पत्ता, त्याला तीन आयरूल (विनंतीवर चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट) लावलेले आणि पूल, म्हणजे मागच्या सर्व्हरांचा गट, मस्त हिरवा. या हिरव्या रंगावर इथे विसंबून चालत नाही. हेल्थ मॉनिटर, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे का हे पाहणारी तपासणी, बिग-आयपीकडून थेट पूलमधल्या सर्व्हरकडे जातो, व्हर्च्युअल सर्व्हरमधून जातच नाही. आयरूल त्याच्या वाटेत येत नाही, त्यामुळे स्क्रिप्ट पार बिघडलेली असली तरी पूल हिरवाच राहतो.

पहिलं काम म्हणजे ब्राउझर बाजूला ठेवणं. एकदा मिळालेला ३०१ (कायमच्या रिडायरेक्टचा कोड) तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी लोड बॅलन्सरला न विचारताच उडी मारतो. साइटवर एचएसटीएस (फक्त एचटीटीपीएसच वापरा अशी ब्राउझरला सूचना) असेल तर एचटीटीपीचा पत्ता तो स्वतःच एचटीटीपीएस करून टाकतो आणि डेव्हलपर टूल्समध्ये ३०७ दाखवतो. तो ३०७ कोणत्याही सर्व्हरने पाठवलेला नसतो, आणि आयरूलमध्ये तो शोधत बसलेले लोक मी पाहिले आहेत. म्हणून कर्ल (कमांड लाइनवरून विनंती पाठवणारं साधन), आणि तेही रिडायरेक्टमागे आपोआप जाणारा डॅश कॅपिटल एल न देता, म्हणजे एका वेळी एकच उडी दिसते. फक्त हेडर हवेत म्हणून डॅश कॅपिटल आय वापरू नये. त्याने हेड विनंती (फक्त हेडर मागणारी) जाते आणि काही अॅप्लिकेशन हेडला वेगळं उत्तर देतात. साधी गेट पाठवून हेडर छापून घ्यावेत. डीएनएस मध्ये यायला नको म्हणून रिझॉल्व्हचा पर्याय देऊन नाव थेट व्हर्च्युअल सर्व्हरच्या आयपीशी जोडावं. त्यात होस्ट हेडर आणि एसएनआय (सुरक्षित कनेक्शन जोडताना सांगितलेलं साइटचं नाव) दोन्ही बरोबर राहतात. आयपीच पत्त्यात लिहिला तर होस्टवर चालणाऱ्या अटी लागूच होत नाहीत.

पोर्ट ८० वरच्या विनंतीचं उत्तर असं आलं: पहिली ओळ एचटीटीपी/१.०, ३०२ फाउंड (तात्पुरतं रिडायरेक्ट), लोकेशनमध्ये एचटीटीपीएसचा पत्ता, सर्व्हर: बिगआयपी, कंटेंट-लेंग्थ शून्य. ही आयरूलच्या रिडायरेक्टची सही. मग तोच पत्ता ४४३ वर मागितला, तर पहिली ओळ एचटीटीपी/१.१, पुन्हा ३०२, पण सर्व्हर हेडरमध्ये मागच्या वेब सर्व्हरचं नाव. लोकेशन? जो पत्ता मागितला तोच, अक्षरशः. म्हणजे फेरा आयरूलमध्ये नव्हताच.

कारण नेहमीचंच. एसएसएल (एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन) बिग-आयपीवर उलगडतं आणि मागच्या सर्व्हरला साधी एचटीटीपी मिळते. अॅप्लिकेशनला वाटतं ग्राहक असुरक्षित आला आहे, म्हणून ते त्याला एचटीटीपीएसकडे पाठवतं. तो एचटीटीपीएसनेच परत येतो, अॅप्लिकेशनला पुन्हा साधी एचटीटीपीच दिसते, आणि गाडी तिथेच फिरत राहते. उपाय म्हणजे एचटीटीपी_रिक्वेस्ट इव्हेंटमध्ये (विनंती आल्यावर चालणारा आयरूलचा भाग) एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर (ग्राहक एचटीटीपीएसने आला हे सांगणारा) घालणं, तेही इन्सर्टने नव्हे तर रिप्लेसने, नाहीतर ग्राहकाने स्वतः पाठवलेला हेडरही सोबत आत जातो. अॅप्लिकेशनलाही त्या हेडरवर विश्वास ठेवायला सांगावं लागतं. हे राहिलं तर लोड बॅलन्सरवर कितीही डोकं आपटा. एचटीटीपी प्रोफाइलमधलं रिडायरेक्ट रीराइट इथे कामाचं नाही. ते लोकेशनमधलं एचटीटीपी बदलून एचटीटीपीएस करतं, आणि इथे ते आधीच एचटीटीपीएस होतं.

फेरा थांबला, तर काही पत्त्यांवर कनेक्शन रिसेट होऊ लागलं. एलटीएम लॉगमध्ये (बिग-आयपीची नोंदवही) टीसीएल (आयरूलची भाषा) एरर होती: एकापेक्षा जास्त रिडायरेक्ट किंवा रिस्पॉन्ड (थेट उत्तर पाठवणारी आज्ञा) चालणार नाहीत. आयरूल लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे एकदा तरी ठेचकाळतो. रिडायरेक्ट ही आज्ञा स्क्रिप्ट थांबवत नाही. खाली दुसरा इफ खरा ठरला की दुसरा रिडायरेक्ट सुटतो, एरर येते आणि कनेक्शन तुटतं. सुटे इफ काढून इफ-एल्सइफ किंवा स्विच केलं की एका आयरूलपुरता प्रश्न मिटतो. पण रिटर्न त्याच आयरूलच्या त्या इव्हेंटमधून बाहेर काढतो, एवढंच. त्याच व्हर्च्युअल सर्व्हरवरच्या दुसऱ्या आयरूलमधला एचटीटीपी_रिक्वेस्ट तरीही चालतो. इव्हेंट डिसेबल करून हे थांबवायचा मोह होतो, पण तो बंद राहतो पूर्ण कनेक्शनभर, आणि कीप-अलाइव्हमुळे (कनेक्शन उघडंच राहिल्याने) त्याच कनेक्शनवर येणाऱ्या पुढच्या विनंत्यांनाही नियम लागत नाही. मी खुणेचा व्हेरिएबल ठेवतो. व्हेरिएबलही कनेक्शनभर जिवंत असतो आणि सगळ्या आयरूलना दिसतो, म्हणून सर्वांत आधी चालणाऱ्या आयरूलमध्ये प्रत्येक विनंतीला तो शून्य करतो. आधी कोण चालणार हे प्रायॉरिटी ठरवते: काही न लिहिल्यास ५००, आकडा लहान तितका नंबर आधी. नव्या आवृत्त्यांत उत्तर आधीच दिलं गेलं आहे का हे विचारणारी हॅज_रिस्पॉन्डेड आज्ञाही आहे.

उरलेल्या चुका जुळणीच्या होत्या. होस्टमध्ये पोर्टही येऊ शकतो, नावाच्या शेवटी :८४४३ असं. तिथे 'इक्वल्स'ची अट कधीच खरी होत नाही. अक्षरं लहान-मोठी असली तरी तेच, म्हणून तुलनेआधी टूलोअर (सगळी अक्षरं लहान करणं). यूआरआयमध्ये प्रश्नचिन्हानंतरचा भाग येतो, पाथमध्ये येत नाही. आणि स्टार्ट्स_विथ जपून वापरावं. '/लेख' अशी अट '/लेखक'लाही धरते. '/लेख'ला '/लेखसंग्रह'कडे पाठवलं, तर नवा पत्ताही '/लेख'नेच सुरू होतो आणि फेरा पुन्हा चालू, या वेळी मात्र खरोखर आयरूलमुळे. नेमकं '/लेख' किंवा '/लेख/'ने सुरू होणारं, अशी दुहेरी अट लिहावी लागते.

कंसांबद्दल एवढंच: टीसीएल कमेंटमधले महिरपी कंसही मोजतं. अर्धा ब्लॉक कमेंट केला की सेव्ह करतानाच एरर येते, आणि दाखवलेली ओळ बहुधा भलतीच असते.

तपासणी चालू असताना मी रिडायरेक्टऐवजी रिस्पॉन्ड ३०२ वापरतो आणि त्यात स्वतःचा एक हेडर घालतो, उदाहरणार्थ एक्स-रूल: ३. लॉग न उघडता कर्लच्या उत्तरातच कळतं की कोणत्या अटीने पकडलं. लॉगची ओळ ठेवायचीच असेल तर ती फक्त आपल्या टेस्ट मशीनच्या आयपीपुरती, नाहीतर गर्दीच्या वेळी एलटीएम लॉगमध्ये कामाची ओळ सापडत नाही.

रिडायरेक्ट आज्ञा नेहमी ३०२च पाठवते. ३०१ हवा तर रिस्पॉन्डच लागतो. फॉर्म जिथे पोस्ट होतात त्या पत्त्यांना मी ३०८ (पोस्ट तसाच ठेवणारं कायमचं रिडायरेक्ट) दिला, कारण ३०१ आणि ३०२ वर ब्राउझर पोस्टचा गेट करतात आणि भरलेला मजकूर वाटेत गळतो. बाकीचे नियम दोन दिवस ३०२ वर ठेवले, एक्स-रूल हेडर काढला, आणि मगच ३०१ केले.