शिट्टी चढते की उतरते?

परवा पाचोऱ्याजवळच्या एका रेल्वे फाटकावर अडकलो होतो. मे महिना, दुपारचे दोन, स्कूटरच्या सीटचा तवा झालेला. पुढच्या मोटरसायकलवर बापाच्या मागे चिकटून बसलेल्या पोराने, गाडी दिसायच्या आधीच, तिची शिट्टी वाजवून दाखवायला सुरुवात केली. ऊंऽऽऽ करत सूर वर वर नेला, वर नेता नेता टाचाही उचलल्या आणि मग धाडकन खाली सोडला. अगदी माझ्यासारखा! आणि माझ्यासारखाच चुकीचा.

लहानपणी उन्हाळ्यात आम्ही सगळे धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर झोपायचो. रूळ दिसायचे नाहीत, पण न थांबणारी मेल भुसावळकडे निघाली की शिट्टी यायची. ती चढत येते, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आत्या गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायची. ती म्हणायची, "चढत नही रे भाऊ, उतरस ती." एका रात्री वैतागून ती पेटीच घेऊन धाब्यावर आली. लांबून शिट्टी आली, तिने भाता ओढून काळी चारची पट्टी दाबली आणि दाबूनच ठेवली. गाडी जवळ येईपर्यंत पेटी आणि शिट्टी एकमेकींना चिकटून. गाडी पुढे गेली तसं तिचं बोट घरंगळत पांढरी चारवर आलं. "ऐकं?" मी ऐकलं. मला पेटी खोटी वाटली.

(पीजेच्या बाबतीत आमचं भांडण नसायचं. पाचोरा-जामनेरची ती छोटी गाडी इतकी रमतगमत जायची की येताना-जाताना तिची शिट्टी जवळजवळ त्याच पट्टीत.)

आत्या बरोबर होती, हे पुष्कळ वर्षांनी वाचलं. जवळ येणाऱ्या वस्तूचा सूर वरचा ऐकू येतो आणि लांब जाणारीचा खालचा, असा सिद्धांत डॉप्लर या शास्त्रज्ञाने 1842 साली मांडला, तो तपासायला बॉइज बॅलॉट या डच शास्त्रज्ञाने 1845 मध्ये हॉलंडात, युट्रेक्टजवळ, आगगाडीवर कर्णेवाले चढवले आणि रुळाकाठी सुरांचे जाणकार उभे केले. स्वर मोजायला दुसरं यंत्र कुठलं? कानच. ताशी शंभरच्या गाडीची शिट्टी येताना वरच्या सुरात असते आणि समोरून गेल्यावर पेटीच्या, काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजून, जवळजवळ तीन पट्ट्या खाली येते. त्या तीन पट्ट्या म्हणजे काळी चार ते पांढरी चार! वाटेत ती चढत मात्र कुठेच नाही. चढतो तो फक्त आवाजाचा जोर, आणि कान जोरालाच सूर समजतो. न्यूहॉफ आणि मॅकबीथ या मानसशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये या भ्रमावर रीतसर लिहिलं, तेव्हा कुठे मला जरा बरं वाटलं. म्हणजे धाब्यावर मी एकटाच नव्हतो.

खरं तर आपली भाषाच या कटात सामील आहे. "आवाज चढवू नकोस" असं आई ओरडायची, तेव्हा मी मोठ्याने बोलत होतो की वरच्या पट्टीत, हे तिला तरी कुठे वेगळं करायचं होतं? आमच्या घरात ते वेगळं करणारी एकटी आत्या. भांडतानाही तिचा आवाज फक्त मोठा व्हायचा, पट्टी तीच.

फाटक उघडलं. गाडी गेली तेव्हा मी डोळे मिटून, काळी चार मनात घट्ट धरून ऐकलं होतं. तरी चढलीच मेली.

तसाच घरी गेलो. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे, कानाने जवळजवळ गेलीय. पेटी माळ्यावर. खाटेशी वाकून तिच्या कानात ओरडलो, "आत्या, तुझं बरोबर होतं! उतरस!"

ती धडपडत उठून बसली, पदर सारखा केला. "कोन उतरस रे? पाहुना उना का?"

आणि आत हाक मारून वहिनीला चहा टाकायला सांगितला.