लेकीची बॅग

आज लेकीची बॅग तिसऱ्यांदा भरली. उद्या मिरजेहून गोवा एक्सप्रेस, थेट दिल्ली. कपडे दहा मिनिटांत झाले. वाद झाला तो भडंगावरून. "आई, 2 किलो कोण खाणार?" अगं, होस्टेलवर डबा उघडला की अर्धा तिथल्या तिथे उडतो! कांदा-लसूण मसाल्याची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळली, वर रबरबँड. तरी तिचा टॉवेल लाल होणारच. सासूबाईंनी हळदीची पुडी गुपचूप मोज्यात कोंबली. (सांगलीकर म्हटल्यावर हळद नको कशी म्हणणार?) रात्री वजन केलं, 24 किलो. "आता काहीतरी काढ बाई," म्हटलं. तिने स्वेटर काढला. दिल्लीला निघालीये, आणि स्वेटर काढला! भडंगाला मात्र हात लावू देईना.