बायोप्सीच्या दोन डब्या मागून घ्या

लग्नाला बरीच वर्षं होऊनही दिवस राहत नव्हते आणि दोन पाळ्यांच्या मधेच अंगावर जायचं. सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या. शेवटी डॉक्टर मॅडम म्हणाल्या, गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासू, म्हणजेच बायोप्सी करू. आपल्याकडे पिशवीचा टीबी हेही मूल न होण्याचं एक कारण आहे. खोकला नाही, छातीचा एक्स-रे साफ, तरी तो असू शकतो.

तुकडा काढणं काही मिनिटांचं काम. बारीक प्लास्टिकची नळी आत घालतात, पाळीतल्यासारखीच पण जोरात कळ येते. वेदनेची गोळी आधी घ्यायची का, ते विचारून ठेवा.

खरा संताप पुढे आहे. सगळाच्या सगळा तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत टाकला गेला. फॉर्मॅलिनने तुकडा टिकतो, सूक्ष्मदर्शकाखाली नीट बघता येतो, पण त्यात जंतू मरतात. कल्चर म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं. मेलेल्या जंतूंचं कल्चर कसं होणार? कल्चरला तुकडा साध्या सलाईनमध्ये, त्याच दिवशी लॅबला पोचवावा लागतो. फॉर्मवर 'टीबी कल्चर' स्पष्ट लिहिलं होतं, पैसेही भरले होते. दवाखाना म्हणे लॅबने सांगायला हवं होतं, लॅब म्हणे सिस्टरला कळायला हवं होतं. आणि पुन्हा तुकडा लगेच काढता येत नाही! टीबीसाठी तो पाळीच्या थोडं आधी, अस्तर जाड झाल्यावर घेतात. म्हणजे पुढच्या पाळीची वाट बघा, आधी गरोदरपणाची तपासणी करा आणि तीच कळ पुन्हा सोसा. मला अजूनही त्याचा राग येतो.

दुसऱ्या वेळी मी टेबलावर चढण्याआधीच म्हटलं, "सिस्टर, दोन्ही डब्या दाखवा." एक सलाईनची, एक फॉर्मॅलिनची, दोन्हींवर माझं नाव. सलाईनची डबी ह्यांनी स्वतः लॅबमध्ये नेऊन दिली.

फॉर्मॅलिनवाला रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नाही, अस्तर वाजवीपेक्षा वाढलेलं नाही, टीबीच्या गाठी नाहीत. तेवढ्यावर थांबले असते तर? अस्तर दर महिन्याला गळून जातं, त्यामुळे टीबी असूनही गाठी दिसतीलच असं नाही. कल्चर निगेटिव्ह ठरवायला 42 दिवस थांबतात. माझं त्याआधीच पॉझिटिव्ह आलं. औषधं सरकारी केंद्रातून फुकट मिळाली, 6 महिन्यांचा कोर्स पूर्ण केला.

आणि हो, लॅबकडून मेणाचा ब्लॉक (मेणात बसवून ठेवलेला तुकडा) आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचपट्ट्याही मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर त्याच लागतात.