रात्री आठचा रकाना

मोखाडा तालुक्यात मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका आहे. ऑफिसच्या कागदावर पर्यवेक्षिका, पाड्यावर 'वजनवाल्या मॅडम'. पर्समध्ये पैसे नसले तरी चालतं, दंडघेराची, म्हणजे पोराच्या दंडाचा घेर मोजायची, लाल-पिवळी-हिरवी पट्टी मात्र असतेच.

जुलैचा शेवट होता, आवणी, म्हणजे भाताची लावणी, ऐन भरात. त्या दिवशी ज्या पाड्यावर निघाले होते तिथं जायला फरशी ओलांडावी लागते. फरशी म्हणजे ओहोळावरचा बुटका पूल. पाणी वाढलं की तो आहे हे आठवणीवर चालायचं.

जायचं कारण एकच पोर. चौदा महिन्यांची, उंची ७१ सेंटिमीटर, वजन ६ किलो २००, दंडघेर ११.१ सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली पट्टी लाल दाखवते, म्हणजे आमच्या भाषेत 'सॅम', तीव्र कुपोषित. भुकेच्या चाचणीत तिनं नीट खाल्लं होतं, ताप नाही, पायावर सूज नाही. म्हणून तिला दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात न पाठवता गावातच, अंगणवाडीत भरणाऱ्या ग्राम बाल विकास केंद्रात घेतलं. नाव लांबलचक आहे, आम्ही सगळ्या व्हीसीडीसीच म्हणतो. तिथं अशा पोरांना दिवसातून अनेकदा थोडं थोडं, पण कसदार खायला घालतात. या वजनाचं पोर आठवड्याला निदान दोनशे ग्रॅम वाढायला हवं. हिचे आकडे असे: पहिल्या दिवशी ६.२००, आठव्या दिवशी ६.२४०, पंधराव्या दिवशी पुन्हा ६.२००. आणि रजिस्टरमध्ये प्रत्येक आहारापुढं बरोबरची खूण.

खरं सांगते, माझा पहिला संशय सेविकेवर गेला. म्हणून न कळवता गेले. जाताना किराणा दुकानातून दोन किलोचं वजन मागून पिशवीत टाकलं, काट्याची परीक्षा घ्यायला. काटा चोख निघाला. सेविकाही चोख निघाली. साडेदहाला नऊ वर्षांची थोरली बहीण धाकटीला कमरेवर घेऊन आली. आवणी लागली की या वयाच्या मुली शाळेत दिसत नाहीत, भावंडं सांभाळतात. माझ्या डोळ्यांदेखत धाकटीनं तेल घातलेली खिचडी खाल्ली. नंतर कुस्करलेलं अंडं मीठ लावून भरवलं, तेही गेलं. आमच्याकडं अमृत आहार योजनेतून लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं असतं. अंड्याचा सरकारी दर आणि बाजारभाव यांचं कधी पटत नाही, तो विषय वेगळा. त्या दिवशी अंडं होतं. साडेतीनला तिचा शेवटचा आहार झाला आणि बहीण तिला घेऊन घरी गेली. रजिस्टरमध्ये उरला एक रकाना: 'रात्री ८, घरी'.

चारला आभाळ फाटलं. पाचला फरशी दिसेना. घरी फोन लावावा तर रेंज नाही. मदतनीस म्हणाली, "मॅडम, आज आपल्याच घरी." तिचं घर आणि त्या पोरीचं घर यांच्यात एक कुडाची भिंत. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पाड्यांवर असंख्य दिवस काढलेत. रात्र ही पहिलीच.

भिंतीपलीकडून धाकटीचा आवाज साडेसहापर्यंत येत होता, मग थांबला. आई साडेसातला आली. पाय चिखलात दिवसभर भिजून पांढरे, बोटांच्या बेचक्यात चिरा. वीज गेलेलीच होती. तिनं चूल पेटवली, भात टाकला, कुर्डूची भाजी केली. मी मोबाईलचा उजेड धरून दारात गेले. थोरली, तिचा भाऊ, बाप असे सगळे जेवायला बसले होते. धाकटी कोपऱ्यात गोधडीत.

"हिचं रात्रीचं खाणं?"

"निजली ती, मॅडम. उठवली तं रडंल. मंग मला पहाटं उठवत नाय."

पहाटे पाचला तिची चूल पुन्हा पेटली, सहाला ती डोक्यावर इरलं घेऊन बाहेर. धाकटी सातला उठली. थोरलीला चूल पेटवायची मनाई, घर गवतानं शाकारलेलं आहे. ते बरोबरच आहे. मी बोटांवर मोजलं. दुपारी साडेतीन ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा: एकोणीस तास. त्यात फक्त रात्री झोपेतलं आईचं दूध, तेही दिवसभर वाकून आलेल्या बाईचं. दिवसा आम्ही जे भरत होतो ते रात्री झिरपून जात होतं.

आणि ती बरोबरची खूण? सेविका आली तेव्हा तिला विचारलं. ती काही खोटं लिहीत नव्हती. रोज वाटेत बाई भेटली की ही विचारायची, "रात्री जेवली ना?" बाई म्हणायची, "जेवली." बाईला वाटायचं, आपल्यालाच विचारतात. ती जेवलेली असायचीच. मराठीतला हा एवढासा घोटाळा पंधरा दिवस रकान्यात बसला होता, आणि त्याखाली सही माझी होती.

पाणी उतरायला आठ वाजले. तोवर मदतनिशीच्या ओट्यावर पाच-सहा बायका जमल्या. मी सवयीनं सुरू केलं, बाळाला रात्री उठवून भरवावं वगैरे. समोर बसलेल्या एका म्हातारीनं मधेच तोडलं. "उठवंल कोण? तू?"

मग तीच सांगू लागली. तिच्या तरुणपणी आवणीत सगळ्या बायका गेल्या की एक म्हातारी पाड्यावर राहायची. तिच्याजवळ नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पेजेचं मडकं. ज्याचं पोर रडेल त्याला एक वाटी. मी म्हटलं, "पण आजी, पेज पातळ असते, पोट पाण्यानंच भरतं." म्हातारीनं माझ्याकडं असं पाहिलं, की मला माझं सगळं प्रशिक्षण आठवलं. नागलीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवायचं, म्हणाली. पेज घट्ट रटरटू द्यायची, खाली उतरवून थोडी निवली की ते पीठ चिमूटभर टाकायचं. पेज सैल होते, पोराला गिळते, पण पीठ आत तेवढंच राहतं. हेच मला एका सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवून शिकवलं होतं. तिथं त्याला अमायलेजयुक्त पीठ म्हणतात; अमायलेज म्हणजे मोडातलं, पेज सैल करणारं द्रव्य.

१९९२ साली शेजारच्या जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीला बालमृत्यू झाले तेव्हापासून या भागात गाड्या येतायत, योजना येतायत. मीही त्याच रांगेतली. त्या ओट्यावर मात्र माझं काम फक्त हो म्हणायचं होतं. ठरवलं बायकांनीच. म्हातारीला शेतात जाववत नाही, तेव्हा ती राहील. ज्या घरात लहान पोर आहे त्या घरानं नागली द्यायची, ज्यांच्याकडं संपली त्यांनी लाकडं आणायची. सकाळी सातला एक वाटी, संध्याकाळी सहाला, पोरं पेंगायच्या आत, दुसरी. वाटीत चमचाभर तेल घालायचं एवढी एक भर माझी. पाच मिलिलिटर तेल म्हणजे चाळीसेक कॅलरी. एवढ्याशा पोटात याहून कमी जागेत दुसरं काही बसत नाही. तेल कुठून, हा प्रश्न आलाच. पहिली पिशवी मी दिली, पुढं त्यांनी वर्गणी काढली.

हे कुठल्या फॉर्ममध्ये लिहायचं ते मला ऑफिसात कुणी सांगू शकलं नाही. मी 'शेरा' या रकान्यात लिहिलं. आणि रात्री आठच्या रकान्यात खूण बंद करून 'काय खाल्लं, कुणी भरवलं' लिहायला लावलं. सेविका वैतागली, तिला आधीच मोबाईलवरची नोंद आणि वहीवरची नोंद असं दुप्पट काम आहे. तिचं चुकत नाही.

बारा दिवसांनी धाकटी ६ किलो ५८० भरली. दंडघेर ११.४, पट्टी अजून लालच. त्याच मडक्यातून पेज पिणारा दुसरा एक मुलगा मात्र शंभर ग्रॅमही वाढला नाही, त्याला खोकला होता. त्याला आईसकट पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं. आई चौदा दिवस तिथं बसणार म्हटल्यावर त्यांची आवणी कोण करणार यावर अर्धा दिवस गेला. शेवटी तिच्या दोन जावा उतरल्या.

निघताना म्हातारीनं हाक मारली. वाटलं, काही औषध वगैरे मागेल.

"मॅडम, मडक्याला चीर गेलीय. सरकार मडकं देतं का?"

मी म्हटलं, "मडक्याचा रकाना नाही, आजी."

"मंग आण बाजारातून," ती म्हणाली. "तोंड मोठं बघ. पळी आत जात नाय."