आधी सावरू द्या, मग शाळा?

“एवढं सोसून आलेल्या मुलांना लगेच शाळेत कशाला बसवता? आधी जरा सावरू द्या की!” निर्वासित मुलांना शिकवणाऱ्यांना हे हमखास ऐकावं लागतं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते, घरी बसवलेलं मूल सावरण्याऐवजी मागेच पडतं. त्यांच्या चिवटपणाचं कौतुक सगळेच करतात, पण तो टिकतो रोजच्या ठरावीकपणावर: तीच वेळ, तोच वर्ग, त्याच बाई.

म्हणून पहिले काही आठवडे वेळापत्रक चित्रांसकट भिंतीवर हवं आणि बदल असेल तर आदल्या दिवशी सांगायला हवा. आगीच्या भोंग्याचा सराव असेल तर नक्कीच. बॉम्बहल्ले पाहिलेलं मूल त्या आवाजाने बाकाखाली शिरू शकतं. जागा भिंतीला पाठ लागेल आणि दार दिसेल अशी द्यावी. ‘माझे कुटुंब’वर निबंध नको. वर्गात डुलक्या येत असतील तर रागावण्याआधी रात्री झोप लागते का ते विचारावं.

खरा घोळ होतो इयत्ता ठरवताना. दाखला नसतोच. १९५१च्या निर्वासितविषयक कराराच्या कलम २२ प्रमाणे प्राथमिक शिक्षणात नागरिकांसारखीच वागणूक द्यायची आहे. तेव्हा आधी प्रवेश, कागद मागाहून. मग चाचणी घेतात ती नव्या भाषेत, आणि मूल ‘कच्चं’ ठरतं. सीरियातून आलेल्या मुलाचं गणित बघा. त्याच्या शाळेतल्या अंकांत पाचाचा आकडा गोल काढतात आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. युरोपातल्या पेपरवरचं शून्य तो पाच म्हणून वाचतो आणि बेरीज चुकते. म्हणून गणित आणि वाचन आधी मुलाच्या भाषेत, त्याच्या अंकांत तपासायचं: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, कुठे अडतं ते बघत.

तीन-चार वर्षं शाळा बुडालेल्या तेरा वर्षांच्या मुलीला सात वर्षांच्या पोरांत बसवलं तर ती लाजेने शाळाच सोडते. तिला समवयस्कांबरोबर ठेवून दोन इयत्तांचा अभ्यास एका वर्षात उरकणारा वेगळा वर्ग द्यावा. माध्यमिकला तशीही गळती फार: मुलगे कामाला लागतात, मुलींची लग्नं लावतात.

भाषेचं म्हणाल तर सुरुवातीचे काही महिने मूल गप्प राहिलं तरी घाबरू नका, ते ऐकत असतं. मैदानावरचं बोलणं वर्ष-दोन वर्षांत येतं, पाठ्यपुस्तकाची भाषा पक्की व्हायला मात्र पाच-सात वर्षं लागतात. पोर फडाफडा बोलायला लागलं की जादा तास बंद करतात, तिथेच विज्ञान-इतिहासात ते गटांगळ्या खातं.

आणि पालकसभेत मुलालाच दुभाषी करू नका. “हा वर्गात लक्ष देत नाही” हे वाक्य त्यानेच आईला सांगायचं असेल, तर आईला काय ऐकू जाईल ते तुम्हीच बघा.