सुप्याचा रस्ता

सोमवार, रात्री साडेनऊ

जेवणं झाल्यावर ह्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून टेबलावर पसरलं आणि पेन्सिलीनं रस्ता काढायला घेतला. फोनवर बोट फिरवलं की सगळं दिसतं, हे नातवानं दोनदा दाखवून झालंय. "त्यात वळणं दिसतात. घाट दिसतोय काय?" म्हणाले. आता त्यांच्या पेन्सिलीत घाट कसा दिसतो ते देव जाणे, पण मी गप्प बसले.

वर बेळगावचा गोल. खाली खानापूर. तिथून रेघ उजवीकडं वळली: नंदगड, हल्याळ, दांडेली. मग परत डावीकडं येऊन जोयडा, कुंभारवाडा, अणशी, आणि घाट उतरून कद्रा, कारवार. कारवारहून गोव्यात शिरून मोले. म्हणजे जाताना अणशीचं राष्ट्रीय उद्यान, येताना मोल्याचं. तीन रात्री, चार दिवस. परतीला वाळपईवरून चोर्ला घाट, कणकुंबी, जांबोटी, की आलं घर.

"हल्याळला कशाला वळसा? लोंड्यावरून रामनगर, तिथून सरळ खाली गणेशगुडी. सुप्याचं धरण वाटेतच," मी म्हटलं.

"नंदगडला रायण्णाची समाधी बघून होते."

इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची ही समाधी आम्ही तीनदा बघितलीय. एकदा माझ्या शाळेच्या सहलीबरोबरच.

"बरं, मग येताना तरी अनमोडवरून या. मोल्याहून सरळ घाट चढला की झालं."

"कणकुंबीला माउलीचं दर्शन होतंय. मलप्रभेचा उगम बघायचा म्हणून तूच मागं लागली होतीस."

हे खरं आहे, लागले होते. पण सात वर्षांपूर्वी. माणूस सात वर्षांपूर्वीचं बायकोचं बोलणं लक्षात ठेवून त्यावर रस्ता आखतो, तेव्हा काहीतरी वेगळंच असतं. मी पान माझ्याकडं ओढून बघितलं. जातानाही रामनगर सोडलेलं, येतानाही. आणि जिथं ह्यांनी चार वर्षं काढली ते सुपं तर कागदावर लिहिलेलंच नाही.

बुधवार

पुण्याहून चिरंजीवांचा फोन. मग बेंगळूरहून मुलीचा. दोघांनी आधी आपसात बोलून घेतलं असणार, कारण वाक्यं तीच होती. ड्रायव्हर घ्या. घाटात नेटवर्क नसतंय. हॉस्पिटल कुठं आहे बघितलंय काय? एखाद्या टूरबरोबर का जात नाही?

ह्यांनी "बघूया की" म्हणून फोन ठेवला. बेळगावात "बघूया की" म्हणजे नाही.

पण मुलांचं सगळंच चूक नाही. आम्ही दोघं एकमेकांपासून काय काय लपवतो ते आज दुपारी चहाबरोबर टेबलावर आलं. सुरुवात माझ्यापासून झाली. दांडेलीजवळच्या सिंथेरी रॉकचं नाव निघालं. तीनशे फुटी अखंड खडक, खाली कानेरी नदी. हे म्हणाले, "ते राहू दे. तिथं पायऱ्या उतरून जावं लागतंय."

"मग?"

"मग काय. तू गच्चीवरून आडवी उतरतेस. भिंतीला हात लावून. चार महिने झाले बघतोय."

मला वाटलं होतं, कुणाला दिसत नाही. राग आला, म्हणून मीही काढलं: तुम्ही हल्ली खडेबाजारात जाता ते चारच्या आत परतता, आणि "संध्याकाळी ट्रॅफिक असतंय" म्हणता. ट्रॅफिक दिवसभर असतंय. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डाव्याचा अजून आहे, आणि समोरच्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा पसरतो. होय ना?

बराच वेळ चहा ढवळत बसले. साखर नसलेला चहा, ढवळायला काय असतं त्यात.

तर आता आमच्या सहलीचा आराखडा डोळा, गुडघा आणि पाठ ह्या तिघांनी मिळून ठरवलाय. गाडी हेच चालवणार, पण सकाळी आठच्या आधी नाही, कारण जानेवारीत खानापूरच्या पुढं धुकं असतंय. दुपारी चारनंतर नाही. दिवे लावायची वेळ आली की आम्ही खोलीत असायचं. दिवसाला फार तर तीन तास गाडी, मध्ये तासातासाला थांबायचं. पुरुषांना वाटेत थांबायला झाड पुरतं. बाईमाणसाला थांबायचं तर जागा बघावी लागते, आणि रामनगर-जोयड्याच्या पुढं अशी जागा कुठं कुठं आहे ते आधी माहीत असलेलं बरं. म्हणून पाणी कमी प्यायचं हा आमच्या पिढीतल्या बायकांचा उपाय. डॉक्टरांनी तो मला सक्त मना केलाय.

पेट्रोलची टाकी इथूनच भरून निघायची. गोळ्या दोन ठिकाणी: माझ्या पर्समध्ये सगळ्या, ह्यांच्या पिशवीत पुन्हा सगळ्या. मुलांसाठी एका कागदावर रोजचा मुक्काम लिहून व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. कारवारला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तेही त्यात लिहिलं, म्हणजे मुलगी झोपेल.

तारीख मात्र डिसेंबरची नको. इथं विधानसभेचं अधिवेशन, तिकडं सौंदत्तीच्या यात्रेची गर्दी, आणि शनिवार-रविवार दांडेलीत निम्मं हुबळी आणि निम्मं बेंगळूर. संक्रांत झाली की सोमवारी निघायचं, गुरुवारी परत.

गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. घट मांडला, कहाणी वाचली, शेजारच्या अक्का हळदीकुंकवाला येऊन गेल्या. "ह्या वयात जंगलात?" म्हणून विचारून गेल्या. त्या गेल्या वर्षी काशीला गेल्या होत्या, रेल्वेनं, दोन दिवस. त्याला वय लागत नाही.

खरं सांगायचं तर मला वाघ बघायचा नाही. काळी व्याघ्र प्रकल्पात वाघ आहेत, दांडेली तर काळ्या बिबट्यासाठी नावाजलेली. पण त्यांच्यासाठी पहाटे उघड्या जीपमधून पाठ खिळखिळी करून घ्यायची माझी तयारी एका फेरीपुरतीच, तीही मधल्या सीटवर. मागच्या सीटवर बसणारा परत येताना वीतभर आखूड होतो म्हणतात. मला बघायचाय धनेश. मोठा, पिवळ्या चोचीचा, चोचीवर आणखी एक शिंग असल्यासारखा. उडतो तेव्हा पंखांचा आवाज दुरून ऐकू येतो, असं हेच सांगत आलेत. विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते; नुसती फट ठेवते. मग नर कितीतरी आठवडे त्या फटीतून तिला फळं भरवतो.

हे वाचताना मला एकटीलाच हसू आलं. १९७९ साली लग्न झालं. मी शहापुरात, सासरी, घरात दोन माग, दिवसभर खटक-खटक. हे सुप्याच्या धरणावर, एका ठेकेदाराकडं स्टोअरकीपर. पंधरा दिवसांतून एका शनिवारी शेवटच्या बसनं यायचे: पगार, रानातला मध, कधी फणस. रविवारी रात्री परत. मला एकदा तिथं न्या म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, जंगलात बाईमाणसाचं काय काम. हे म्हणाले, मे महिन्यात नेतो. कुठला मे ते सांगितलं नाही. १९८३ साली काम सोडून इथं दुकानात लागले आणि विषय संपला. तेव्हा अणशीला राष्ट्रीय उद्यानही नव्हतं, ते १९८७चं. ह्यांच्या तोंडी "सुप्याचं रान" एवढंच.

आरती झाल्यावर मी विचारलं. सरळच. "रामनगर का नको?"

आधी म्हणाले, रस्ता खराब आहे. मग म्हणाले, ट्रकांची वर्दळ. मग काहीच म्हणाले नाहीत. मी प्रसादाची वाटी पुढं केली. गूळ-खोबरं खाता खाता, माझ्याकडं न बघता, सांगायला लागले.

सुपं हे तालुक्याचं गाव होतं. काळी आणि पांढरी नद्यांचा तिथं संगम. धरण झालं की ते सगळं पाण्याखाली जाणार, म्हणून गावंच्या गावं उठवली आणि बऱ्याच लोकांना रामनगरला आणून वसवलं. एवढं मला ठाऊक होतं. जे ठाऊक नव्हतं ते असं. एक म्हातारा कुणबी ट्रकात सामान भरत होता. भांडी, कोंबड्यांचा खुराडा, आणि घराच्या दाराची चौकट. उखडून काढलेली, शिसवी, जड. ट्रकवाला म्हणाला, हे पडणार, बांधायला काही नाही, टाक खाली. म्हातारा हलेना. ह्यांनी स्टोअरमधनं दोरखंड आणून दिला आणि स्वतः वर चढून चौकट बांधली.

"आणि वहीत लिहिलो नाही," म्हणाले.

चार वर्षांत सिमेंटच्या पोत्यांपासून खिळ्यांपर्यंत एक नोंद चुकवली नाही, ती ही एकटी.

"मग त्यात लाज कसली?" मी म्हटलं. "चांगलंच केलंत की."

"तो म्हातारा काय म्हणाला माहिती आहे? म्हणाला, दोर परत द्यायला येतो, तुझं स्टोअर कुठं आहे सांग. मी सांगितलो. आणि तो आला. महिन्याभरानं, रामनगरहून, चालत आणि बसनं, दोर गुंडाळून घेऊन. मी क्वार्टरमध्येच होतो. खिडकीतनं बघितलो. बाहेर गेलो नाही."

"का?"

"साहेब आलता तपासणीला. दोर बघितला असता तर विचारला असता, कुठनं आला. म्हातारा तासभर गेटवर बसला आणि गेला. दोर घेऊनच गेला."

मग दिवाणखान्यात जाऊन टीव्ही लावला. बातम्या कन्नडमध्ये चालू होत्या. हे कन्नड तिथंच शिकले, धरणावर. मी आत भांडी घासत राहिले. इतकी वर्षं मला वाटायचं, त्या रानात ह्यांचं काहीतरी माझ्यापासून लपवण्यासारखं असणार. एवढंसं होतं.

शुक्रवार

काहीच बोलणं नाही. ह्यांनी टायरमधली हवा तपासून आणली आणि स्टेपनीसुद्धा. मी गोळ्यांचे डबे भरले. संध्याकाळी मुलीनं कुठूनशी चित्रफीत पाठवली: गणेशगुडीला रबरी होड्यांतून तरुण पोरं आरडाओरडा करत काळीच्या पाण्यात उतरतात. ह्यांनी चष्मा लावून दोनदा बघितली. "सुप्यातनं पाणी सोडलं तरच चालतंय हे," म्हणाले. एकशे एक मीटर उंच भिंत, ती बांधताना ह्यांच्या हातून किती पोती गेली त्याचा हिशोब कधी सांगत नाहीत. पण पोरांची होडी कुणाच्या पाण्यावर चालते ते लगेच सांगितलं.

रविवार

सकाळी उठून बघते तर टेबलावर नवीन पान. बेळगाव, खानापूर, लोंडा, रामनगर. रामनगरपुढं कंसात "चहा". मग गणेशगुडी, आणि त्याच्याशेजारी पहिल्यांदाच, बारीक अक्षरात, सुपं. पहिली रात्र तिथल्याच आसपास. दुसरा दिवस सफारी आणि आराम. तिसऱ्या दिवशी जोयडा-अणशी, घाटात गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गियरवर ठेवून, माकडांना खायला न घालता, कद्र्याचं पाणी बघत खाली कारवार. त्या दिवशी जोयड्यात कंदमुळांचा बाजार मिळाला तर मुडली घ्यायची, कुणबी बायका आणतात. कारवारजवळ सदाशिवगडाच्या पायथ्याशी काळी समुद्राला मिळते तिथं थांबायचं. तिथला जुना पूल २०२४च्या ऑगस्टमध्ये पडला, नवीन शाबूत आहे. मोल्यात जमलं तर तांबडी सुर्ल्याचं कदंबांचं देऊळ, नाहीतर नाही. परतीचा घाट अनमोडचा.

"आणि कणकुंबीची माउली?" मी विचारलं.

"ती काय पळून जाते व्हय? सिटी बसचं अंतर आहे." सिटी बस काही तिथवर जात नाही, पण असू दे.

रामनगरात तो म्हातारा असणार नाही हे दोघांनाही कळतं. त्याच्या मुलाचं, नातवाचं घर कुठलं तेही ह्यांना माहीत नाही; नावसुद्धा विचारलं नव्हतं. मी म्हटलं, चहा पिताना दारांकडं बघत बसूया, शिसवी चौकट दिसली की विचारूया. हे म्हणाले, तुझं डोकं फिरलंय काय. पण "नको" म्हणाले नाहीत.

दुपारी सामानाची यादी केली, अर्धी माझ्या अक्षरात, अर्धी ह्यांच्या. थर्मास. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिरमुरे. कुंदा अर्धा किलो, वाटेत कुणाच्या घरी टेकायची वेळ आली तर रिकाम्या हातानं नको. गुडघ्याचा पट्टा. दुर्बीण, नातवाची. स्वेटर दोन. डास पळवायचं मलम. दोन्ही चष्मे. गाडीचे कागद. त्याच्याखाली ह्यांच्या अक्षरात: दोरखंड, एक.

"हा कशाला?"

"गाडी बंद पडली तर ओढायला."

मी त्याच्याखाली लिहिलं: टॉर्च, जास्तीचे सेल.